जपानी रेडिओतली आबांची हाक

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचले. कुणाच्या गोष्टीत लाईट जाते, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजतात, कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते... खाली 'आधी वायरिंग चेक करून घ्या' अशी कमेंट टाकणारा आगाऊ माणूस मीच. पेशाने इलेक्ट्रिशियन आहे, कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. आवाज आला म्हणजे तो कुठून तरी आलेला असतो आणि तार धरून मागे मागे गेलं की सापडतो, एवढंच मी आयुष्यभर मानलं. आज मी लिहायला बसलोय ते हौस म्हणून नाही. माझ्यावर चोरीचा आळ आहे. तो धुऊन निघणार असेल तर यातून भूत निघालं तरी मला चालेल.

गाव जत तालुक्यात, पूर्वेच्या अंगाला. पलीकडच्या शिवारात कानडी बोलतात. आम्ही धनगर. माझे वडील – आबा – हयातभर मेंढरं राखत आले. थोरला भाऊ, म्हणजे दादा, गावातच असतो. थोडी ज्वारी, थोडी त्याची स्वतःची मेंढरं. मी आयटीआय करून सांगलीला गेलो तो तिकडचाच झालो.

पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. प्रत्येक मेंढक्याची मेंढरांना बोलवायची हाक वेगळी असते. आबांची अशी – आधी दोन आखूड 'ह्योऽ ह्योऽ', मग जिभेचा टक्-टक् आवाज, आणि शेवटी लांबलचक 'आऽऽर्रर्र', जो वर जाऊन मध्येच तुटायचा. रानात चार जणांचे कळप एकत्र बसलेले असले तरी आबांनी हाक दिली की फक्त आबांची मेंढरं उठायची. म्हणूनच आमच्यात नियम कडक. जिवंत माणसाची हाक दुसऱ्याने द्यायची नाही. पोटच्या पोरानेसुद्धा, अगदी गंमत म्हणूनही नाही. कारण दुसऱ्याची हाक शिकणारा माणूस म्हणजे मेंढरं पळवायला निघालेला माणूस. अशा माणसाच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. लहानपणी दादाने एकदा आबांची नक्कल केली तर आबांनी त्याला काठीने बडवला होता, आणि आई मध्ये पडली नव्हती.

मागच्या वर्षी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घशातून नुसता घरघर आवाज यायचा. आबांची हाक बंद झाली आणि कळप सैरभैर झाला. दादाच्या हाकेला त्याची मेंढरं यायची, आबांची ढिम्म हलायची नाहीत. वाट्टेल तिकडे जायची, लोकांच्या पिकात शिरायची. रोज एक भांडण दारात. शेवटी दादाने कळप विकायचं ठरवलं. आबांना विचारलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताने 'जाऊ दे' अशी खूण केली. माझा विरोध नव्हता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. सांगलीत दोन खोल्यांच्या घरात मी मेंढरं काय गॅलरीत बांधणार होतो?

आता रेडिओचं. परदेशातल्या विक्रेत्यांकडून जुने पोर्टेबल रेडिओ ऑनलाईन मागवायचा मला नाद आहे. जपान, हाँगकाँग, कधी जर्मनी. घरात माणसांपेक्षा रेडिओ जास्त झालेत असं बायको म्हणते. या धंद्याची एक भाषा असते, ती आता मला पाठ झालीय. 'आजोबांच्या कपाटात सापडला, चालतो का माहीत नाही' म्हणजे चालत नाही. 'वयोमानानुसार खुणा' म्हणजे एरियल तुटलीय. मग कस्टमवाल्यांची ड्युटी, मग महिनाभर ट्रॅकिंगवर डोळे लावून बसायचं, मग खोकं उघडल्यावर आत सेल फुटून सगळा कंपार्टमेंट हिरवा झालेला. तरी पुन्हा मागवायचाच.

आबांचा जुना रेडिओ मेला होता आणि त्या मुक्या माणसाला दिवसभर सोबतीला आवाज हवा होता. म्हणून मी जपानहून एक संच मागवला. काळा, चामड्याचं कव्हर, आणि ट्यूनिंगची चकती एवढी मोठी की आबांना डाव्या हाताने सहज फिरवता यावी. त्या चकतीवरच मी भाळलो आणि नवख्या माणसाने करावी ती चूक करून बसलो. जपानी सेटचा एफएम शहात्तरपासून नव्वद मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. आपली स्टेशनं बहुतेक त्याच्या पुढे. म्हणजे आपल्याकडे त्या पट्ट्यात नुसती खरखर. पण मिडियम वेव्ह उत्तम लागत होतं, बातम्या आणि भजनं येत होती, आबांना तेवढं पुरेसं होतं.

व्यापारी टेम्पो घेऊन येणार त्याच दिवशी मी सुट्टी काढून रेडिओ घेऊन गेलो. आबांना त्या दिवशी काहीतरी द्यावं, एवढाच हेतू. सकाळ होती, लख्ख ऊन. भूत-प्रेताला लागतं तसलं काहीच तिथे नव्हतं. आबांना अंगणात बाजेवर बसवलं होतं. समोर टेम्पो, मागचा फाळका उघडा, त्याला फळी लावलेली. दादा आणि व्यापारी एकेक मेंढरू ढकलून वर चढवत होते. वहिनी आबांच्या पाठीशी उशी लावत होत्या. अर्ध्याहून जास्त कळप चढला होता.

मी आबांच्या मांडीवर रेडिओ ठेवला आणि बटणं दाखवायला लागलो. "आबा, ह्यो मिडियम. हितं बातम्या. आन हिकडं बटण सरकलं तर एफएम हुतंय, तिथं आपल्याकडं काय लागत न्हाई, नुसती खरखर. बघा..." असं म्हणून मी बटण सरकवलं आणि चकती फिरवली. काटा ऐंशीच्या आसपास असेल.

खरखर थांबली. आणि रेडिओतून आबांची हाक आली.

'ह्योऽ ह्योऽ...' टक्-टक्. आणि तो लांब 'आऽऽर्रर्र', वर जाऊन तुटणारा. हुबेहूब वगैरे शब्द मी वापरणार नाही. ती आबांचीच होती. आणि ती तुटल्यावर, दम घेऊन, त्याच आवाजात – "काजळेऽ, ये!"

टेम्पोत एकच धडधड झाली. आतली मेंढरं एकमेकांच्या अंगावरून बाहेर झेपावली. व्यापारी फळीवरून उताणा पडला. सगळ्यात पुढे होती काजळी. डोळ्यांभोवती काळं असलेलं एक लहान मेंढरू. ती येऊन थेट आबांच्या गुडघ्याला थटली आणि त्यांच्या मेलेल्या उजव्या हाताखाली तोंड घालून उभी राहिली. मागून सगळा कळप बाजेभोवती गोळा झाला. आणि कळपाची म्होरकी, आबांची सगळ्यात जुनी मेंढी, फाळक्यात पाय अडकून खाली पडली होती. तिच्यावरून बाकीची गेली होती. ती परत उठली नाही.

काजळीचा जन्म आबांची वाचा गेल्यानंतरचा. तिला नाव ठेवलं वहिनींनी. आबांनी ते नाव कधी उच्चारलेलं नाही, उच्चारणं शक्यच नव्हतं. आणि काजळीनेही आबांची हाक आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती. म्हणजे कुणी म्हटलं की जुनं रेकॉर्डिंग असेल, तर ते रेकॉर्डिंग कुठल्या जन्मातलं?

पण त्या वेळी हे ऐकायला कोण होतं? दादाने येऊन माझी कॉलर धरली.

"लाज न्हाई वाटत? बाप जिता हाय अजून!"

"दादा, मी काय केलं न्हाई. आई शप्पत. ह्यो साधा रेडिओ हाय."

"साधा? आरं आत्ता तूच म्हणत हुतास न्हवं, हितं काय लागत न्हाई म्हणून? आन लगीच बरी लागली? मेंढरं पायजे हुती तर तोंडानं मागायची हुतीस!"

मी सगळ्यांच्या देखत रेडिओ उघडला. आत मेमरी नाही, कार्ड नाही, ब्लूटूथ नाही. त्या गोष्टी निघायच्या आधी बनलेला सेट तो. नुसते कॉइल, कंडेन्सर आणि धूळ. दादा म्हणाला, "तू इलेक्ट्रिशियन हाईस. तू दावशील ते आमी बघायचं. आमाला काय कळतंय त्यातलं?" मी काजळीचं सांगितलं. नावाचं सांगितलं. दादा म्हणाला, नावबिव काही ऐकलं नाही, बाकीची आली तशी तीही आली. मी वहिनींकडे बघितलं. त्या बाजेला अगदी चिकटून होत्या, माझ्याइतक्याच जवळ. त्या खाली बघून पदर नीट करत राहिल्या.

आबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. घसा कोरडा पडला असेल म्हणून तांब्या उचलून त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मी पुन्हा लावला. त्यांनी डाव्या हाताने तांब्या बाजूला सारला, जोरात नाही, हळूच, आणि तोंड फिरवलं. सगळं पाणी माझ्या पायावर सांडलं. वाचा गेलेल्या माणसाने मला काय ते स्पष्ट सांगितलं होतं.

कळप नंतर विकला गेलाच. त्या दिवशी मी यायचं नाही असं दादाने फोन करून सांगितलं होतं.

मी माझ्या परीने तार धरून मागे गेलो. काटा त्याच जागी ठेवून, त्याच बाजेशेजारी, सांगलीत गच्चीवर, कारखान्याच्या आवारात – खरखरीपलीकडे काही नाही. जपानच्या विक्रेत्याला भाषांतराच्या ॲपमधून मेसेज केला. त्याचं नम्र उत्तर आलं. एका रिकाम्या केलेल्या घरातला सेट होता, त्याने फक्त पुसून विकला, काही बिघाड असल्यास दिलगीर आहे. आता त्याला काय सांगणार, बिघाड नाही बाबा, फार चांगला चालतो! रेडिओच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, तर कुणी म्हणालं वायरलेस माईक पकडला असेल, कुणी म्हणालं लांबचं स्टेशन कधीकधी उडून येतं. अरे, कुठल्या देशातलं स्टेशन आमच्या वहिनींनी ठेवलेलं नाव घेऊन हाक मारतं? एकाने तर हसण्याचं चित्र टाकून लिहिलं, 'आधी वायरिंग चेक करून घ्या'. बरोबरच आहे म्हणा.

आबा त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत होते. मी जात राहिलो. दादाच्या हातचं घ्यायचे, वहिनींच्या हातचं घ्यायचे, शेजाऱ्याच्या लेकीने दिलेला चहासुद्धा घ्यायचे. माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. शेवटच्या दिवशी श्वास लागला होता, सगळे जण चमच्याने पाणी घालत होते. मी चमचा पुढे केला तेव्हा ओठ मिटलेले होते. दादा म्हणाला, आता त्यांना शुद्ध नाही, मनावर घेऊ नको. पण त्याच्या आधी आणि नंतर ओठ उघडत होते, ते मी बघितलंय.

दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला होता. वहिनी घागरी भरत होत्या, मी उचलून आत नेत होतो. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, मीबी ऐकलं हुतं. काजळे ये, म्हणून."

माझ्या हातातली घागर खाली आली.

"मग तवा का न्हाई बोलला, वैनी? आबांपुढं एकदा तरी बोलायचं हुतं."

"बोलले असते तर काय झालं असतं? देवाची करणी म्हणून मेंढरं ठिवून घेतली असती ह्यांनी. आन ती कुणाच्या गळ्यात पडली असती?" त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, परत काढली. "म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं मी काढायचं. मेंढरामागं मी पळायचं. लोकांच्या शिव्या मी खायच्या. तुमी आयतवारी रेडिओ घिऊन याचा. तुमचं वाईट व्हावं असं न्हवतं मनात. पर माजी एक तरी सुटका हुत हुती..."

मला खूप काही बोलायचं होतं. पण त्यांच्या घट्टे पडलेल्या तळहातांकडे लक्ष गेलं आणि मी घागर उचलून आत नेली. दादाला त्यांनी सांगितलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांचे काय हाल होतील ते मला माहीत आहे.

तर असं आहे. वहिनी का बोलल्या नाहीत ते मला आता नीट कळतं. तो आवाज कसा आला, ते आजही कळत नाही. माझ्या ज्ञानात बसेल असं एकही कारण मला सापडलेलं नाही. इथे जाणकार लोक आहेत, कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन, या वेळी टिंगल करणार नाही. फक्त ज्या एका माणसाला ते ऐकवायचं होतं, त्याने माझ्याकडून घोटभर पाणीसुद्धा न घेता तोंड फिरवलं, आणि आता तुमचं उत्तर घेऊन मी कुणाकडे जाऊ, ते मला माहीत नाही.