दोन झाकलेल्या वाट्या

सुनेने माझ्याकडे आजवर एकदाच काही मागितले, तेही स्वयंपाकघरात दुसरे कोणी नाही हे पाहून. "बाबा, आईंना एवढं सांगा ना, वाट्या नका ठेवू म्हणून." तिला सातवा महिना होता आणि येत्या रविवारी आमच्या रामदासपेठेतल्या घरी तिचे डोहाळजेवण होते.

त्या वाट्या दोन असतात, झाकलेल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गर्भवतीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सहा वर्षांपूर्वी, नात पोटात असताना, सुनेने उघडलेल्या वाटीत बर्फी निघाली होती. मी बाहेरच्या खोलीत होतो. आतून बायकांचा लांबलचक "अरेऽऽ" ऐकू आला आणि पाठोपाठ माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज, "असू दे वं, पुढच्या खेपेले पेढा निघन."

ती पुढची खेप आता आली होती. शिवाय या वेळी पाच वर्षांची नात आईच्या पाटाशेजारी बसून सारे ऐकणार होती.

मी संतापलो. गर्भाचे लिंग सांगणे ज्या देशात गुन्हा आहे, तिथे शिकल्यासवरल्या बायका मिठाईकडून तेच वदवून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात! हा कायदा पेढ्याला लागू होत नाही, हे मला कळते. मी जन्मभर वकिली केली आहे. पण कायद्याला हेतू असतो, आणि तो माझ्याच दिवाणखान्यात पायदळी तुडवला जाणार होता. त्यातही आमच्याकडे डोहाळजेवण पहिल्या खेपेलाच करतात. दुसऱ्यांदा करण्याचा हट्ट माझ्या पत्नीचा होता, आणि त्यामागे नातवाची आस आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

बोलण्यात ती मला जिंकू देत नाही, म्हणून मी तिला पत्र लिहिले. दोन पाने, पाच मुद्दे. पाचवा असा : "उपरोक्त वाट्या ठेवल्यास मी समारंभास उपस्थित राहणार नाही." पत्र चहाच्या डब्याखाली ठेवले.

दुपारी विचारले, "वाचलेस?"

"वाचलं. अक्षर चांगलं आहे अजून."

"मग?"

"वाट्या ठेवीन. तुमाले बसायचं नसन तर नका बसू. पण गांधीबागेतून ओटीचे खण तेवढे आणून द्या."

खण मी आणले, धुसफुसत. सुनेला सांगितले की मला यश आले नाही. ती म्हणाली, "जाऊ द्या, बाबा." त्या तीन शब्दांनी मी पाचवा मुद्दा मागे घेतला. तिला तिथे एकटी सोडणे मला शक्य नव्हते.

रविवारी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. खापरखेड्याहून आलेल्या थोरल्या बहिणीने लगेच हटकले, "काहून गा, तुले बायकांत काय काम?"

"साक्षीदार आहे."

"बस मंग. या खेपेले पेढाच निघते, पाह्य!"

हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून सून पाटावर बसली होती. ओटी भरून झाली. पत्नीने तबक आणले. सुनेचा हात वाट्यांवर अधांतरी थांबला. तिने एकदा लेकीकडे पाहिले आणि डावीकडचे झाकण उचलले.

आत सांबारवडी होती. भरपूर कोथिंबीर भरून तळलेली, अजून गरम.

"हे काय वं?" बहिणीने दुसरे झाकण स्वतःच उचलले. त्यातही वडीच. "अन् पेढा?"

"हलवायाकडं," पत्नी म्हणाली. "पोरगी महिन्यापासून वडी वडी करून राहिली. डोहाळे कोनाचे आहेत, तिचे का तुमचे?"

हशा पिकला. बहीण सर्वांत मोठ्याने हसली आणि म्हणाली, "मंग मले बी आण एक." सून हसता हसता पदराने डोळे टिपत होती. दुसरी वाटी नातीने केव्हाच मांडीवर घेतली होती.

पाहुणे गेल्यावर मी पत्नीला विचारले, "मला आधी का सांगितले नाहीस?"

"तुम्ही बहिणीले पत्र पाठवलं असतं." ती उरलेल्या खणांच्या घड्या घालत होती. मग खाली पाहूनच म्हणाली, "तिचं पहिलं डोहाळजेवण नासलं होतं. तो 'अरे' मीबी म्हटला होता ना. म्हणून हे केलं."

तो 'अरे' बाहेर बसून मीही ऐकला होता, आणि त्या वेळी एक ओळ लिहिली नव्हती.

"माझे पत्र मी मागे घेतो," मी म्हणालो.

"तसं लिहून द्या," ती म्हणाली.