सुमनताईंच्या जबाबातला एक शब्द

सुमनताई "आमच्या घरातल्याच" नव्हत्या.

काल कराडजवळच्या त्यांच्या गावी त्या वारल्या. पुतणीचा फोन आला. हार्ट अटॅक, म्हणाली.

आज सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, "आमच्या घरातल्याच होत्या. खूप सवय झाली होती त्यांची." खाली हात जोडलेल्यांची रांग.

त्या बाईंचं नाव लिहीत नाही. वकील मैत्रिणीने बजावलंय. सुमनताई त्यांना वहिनी म्हणायच्या. मीही तेच म्हणते.

सुमनताई त्यांच्या ऑकलंडच्या घरी तीन वर्षं होत्या. पगार नाही, सुट्टी नाही, घराची किल्ली नाही.

मी त्याच शहरात, न्यू लिन भागातल्या लायब्ररीत काम करते. त्या घरातल्या मुलीला घेऊन त्या यायच्या. एकदा मी सहज विचारलं, "ताई, तुमचं कार्ड काढू का?"

उत्तर मुलीने दिलं. "शी कान्ट. मम हॅज हर पासपोर्ट."

सुमनताई पुस्तकांच्या मांडणीकडे बघत राहिल्या.

मग बरेच दिवस दोघी आल्या नाहीत. एका शनिवारी सुमनताई एकट्याच आल्या. पायात रबरी चपला, हातात सुपरमार्केटची पिशवी, पिशवीत दोन साड्या.

"परत जायचं नाही मला तिथं," म्हणाल्या. "कुठं बसू?"

कामगार खात्याकडे तक्रार करायची तर जबाब लिहून द्यायचा होता, इंग्रजीत. दुभाष्या त्यांना नको होता.

"इथं मराठी बोलणारं माणूस म्हणजे त्यांच्याच मंडळातलं. तूच लिही."

त्या घाबरल्या होत्या. धीर यावा म्हणून मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली. माझा एम.ए.चा प्रबंध गुलाम बायकांच्या आत्मकथनांवर होता. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या, अमेरिकेकडच्या बायका. विकल्या गेलेल्या. सुटून आल्यावर त्यांनी आपली हकिगत सांगितली, काहींनी स्वतः लिहिली. ती सभांमध्ये वाचली गेली. ऐकून इतर बायकांनी दारोदार सह्या गोळा केल्या. गुलामी बंद करणारे कायदे झाले, त्यात त्या पानांचाही हात होता.

सुमनताईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्या सभेला येणाऱ्या बायकांच्या घरी भांडी कोण घासायचं गं?"

त्या हसल्या.

"लिही. माझ्या जागी वहिनी दुसरी आणणार. ती यायच्या आत हे होऊ दे."

चार शनिवार त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. पहिल्याच पानावर अडले.

"वहिनीला इंग्रजीत काय लिहू? मालकीण लिहू?"

"लिही की. मालकीणच ती. वहिनी आपलं तोंडानं म्हणायचं. बाईसाहेब म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. चारचौघांत बरं दिसत नाही ना."

मी मालकीण लिहिलं नाही.

माझ्या प्रबंधातला सगळा राग एकाच गोष्टीवर होता. त्या बायकांची पुस्तकं छापताना भल्या माणसांनी त्यांचे शब्द बदलले. वाचणाऱ्यांना अवघड वाटेल ते गाळलं. सुरुवातीला आपलं पत्र जोडलं, की ही बाई खरं बोलते. मी ठरवलं होतं, माझा असा हात लागणार नाही. त्या वहिनी म्हणायच्या तर वहिनीच राहील. इंग्रजीत सिस्टर-इन-लॉ.

"माझी सिस्टर-इन-लॉ खाण्याच्या कपाटाला कुलूप लावून कामाला जायची."

खरं सांगते, ते वाक्य मला आवडलं होतं. वाक्य म्हणून.

शेवटी मी सही केली. भाषांतर मूळ शब्दांना धरून आहे, याची हमी देते.

सात महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. सभ्य भाषेत. अर्जदार स्वतःच त्या कुटुंबाला नातेवाईक म्हणतात. हा घरगुती वाद दिसतो. नोकरी सिद्ध होत नाही.

मी कळवलं की आमच्यात परक्यालाही असंच म्हणतात. उत्तर आलं, भाषांतर तुम्हीच प्रमाणित केलं आहे. नवा जबाब द्यायचा तर पहिल्यापासून.

सुमनताईंना मी पत्र वाचून दाखवलं. त्या स्वतःच नातेवाईक म्हणतात, हे एक वाक्य गाळून.

"परत सगळं सांगायचं? नको बाई," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलं तेच फार झालं."

पासपोर्ट तेवढा खात्याने परत मिळवून दिला होता. व्हिसा संपत आला होता. एअरपोर्टवर मी त्यांची बॅग काउंटरवर ठेवली. त्या म्हणाल्या, "तू मेहनत केलीस. मलाच नीट सांगता आलं नाही."

मी म्हटलं, "पाणी पिऊन घ्या."

एवढंच म्हटलं.

मागच्या महिन्यात किराणा दुकानात वहिनी भेटल्या. त्यांच्या मागे पन्नाशीची एक बाई, दोन्ही हातांत तांदळाच्या पिशव्या.

मी त्या बाईंना विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

त्यांनी आधी वहिनींकडे पाहिलं.

"अगं, या आमच्या मावशी," वहिनी म्हणाल्या. "सिन्नरच्या. किती दिवसांनी दिसतेस! ये ना घरी."

"नाव काय तुमचं, मावशी?"

"मावशीच म्हण. आम्ही सगळे तेच म्हणतो." उत्तर वहिनींनीच दिलं.

मावशी हसल्या. पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

घरी येऊन मी खात्याला फोन केला. पलीकडून सांगितलं, तक्रार त्या बाईंनी स्वतः करायला हवी. त्या तुमच्या कोण?

हे सुमनताईंना कळवायचं होतं. पत्रातल्या त्या गाळलेल्या वाक्याचंही सांगायचं होतं. रोज उद्यावर टाकलं.

सुमनताई, तुम्ही नीट सांगितलं होतं. सगळं. सांगण्यात तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.

शेवटचा नमस्कार.