लंगोटांचं शेवटचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आणि जिच्या कातडीवर ते शेकलं त्या मुलीलाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. यातही थोडा भित्रेपणा आहेच.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. मुरुडजवळच्या गावात मी मास्तर होतो. वाचनालयात व्याख्यानं द्यायचो. त्या उन्हाळ्यात विषय होता ‘संसारात पुरुषाचा वाटा’. हार मिळाला, टाळ्या मिळाल्या. वाटा मात्र — त्याचंच सांगतोय.

घरी बायको बाळंतीण, अंगात ताप मुरलेला. सासूबाई आल्या होत्या. लंगोट धुवायला कोळीवाड्यातली हिराबाई यायची. उरलेला दिवस ती मासळी खारवायची. चैत्रात आमच्या परसातली विहीर खारट व्हायची. धुणं त्यात चाले, पण लंगोट शेवटी गोड्या पाण्यातून काढायचे, नाहीतर कापडात मीठ राहतं — हे तिकडे घरोघरी ठाऊक. गोडी विहीर आळीच्या टोकाला, एका भटजींच्या वाडीत. तिथे हिराबाईची घागर चालत नसे. देश स्वतंत्र झाला होता, भटजींना त्याची घाई नव्हती. म्हणजे ती घागर मीच आणायची.

वाट वाचनालयावरून. ओट्यावर मंडळी वर्तमानपत्र घेऊन बसलेली. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, “काय मास्तर, आज व्याख्यान पाण्यावर?” सगळे हसले. बस, इतकंच. इतक्यासाठी माणूस काय करतो? दुसऱ्या दिवसापासून मी, केळींच्या आडोशाला, परसातल्याच विहिरीवर घागर भरू लागलो.

“मास्तर, गोडं पानी हाय ना?” हिराबाई विचारायची.

“हो.”

तिला चाखून बघता आलं असतं. पण मास्तरांचा शब्द कोण चाखून बघतं?

बाळाचं ढुंगण लाल झालं, मग जांघा सोलवटल्या. खोबरेल झालं, तूप झालं. लंगोट बांधला की पोर किंचाळायची, सोडला की हुंदके देत राहायची. मला कारण ठाऊक होतं? — होतं. मी स्वतःला सांगत होतो, उष्णता असेल. वाचन असलं की कारणांना तोटा नसतो.

शेवटी सासूबाईंनी हिराबाईला अंगणात गाठलं. “दिवसभर तुझे हात मिठात! तेच माझ्या नातीच्या लंगोटांना लागतंय.”

“साबन लावून हात धुते मी, आये. मास्तर, तुमी तरी सांगा.”

मी सांगितलं. म्हणालो, “सासूबाई म्हणतात तसं असेलही.”

तिने पदराला हात पुसले — ते ओले नव्हते — आणि गेली.

त्यानंतर लंगोट सासूबाई धुऊ लागल्या, आणि मी? मी गोड्या विहिरीवर जाऊ लागलो. रोज, उजळ माथ्याने. ओट्यावरची मंडळी थोडं हसली, मग विसरली. बाळाची कातडी भरून आली. सासूबाईंना पुरावा मिळाला — तो मीच घागरीने आणून दिला होता. आळीत कुठल्याच घरी मग हिराबाईला बाळाच्या कामाला बोलावलं नाही.

काही वर्षांनी ती एस. टी.च्या थांब्यावर भेटली. तिची लेक बाळंतपणाला आली होती. मी विचारलं, “नातू कसा आहे?”

“गोरा हाय, मास्तर. पन मी न्हाय घेत त्याला. लंगोटबी शेजारीन धुते.” तिने हात पदराखाली घेतले. “तुमच्या पोरीचे हाल केले ना मी.”

म्हणजे तिलाही ते पटलं होतं.

एकच वाक्य होतं. ते सांगायला व्याख्यान लागत नव्हतं. एस. टी. आली. मी चढलो. खिडकीजवळची जागाही मिळाली.