बेटाचा जुना रेडिओ

काल मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी लाकडी फळी घासत होतो आणि पॉलिश पेपरच्या वासाने दोन हजार आठमधलं आखातातलं ते बेट आठवलं. बेट कसलं, समुद्रात ओतलेला वाळूचा ढीग, आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपेक्षाही वयाने लहान. आमचा पुणेरी साहेब म्हणाला, "व्हिला विकायचे तर हिस्टरी लागते. इथे पन्नास वर्षं रेडिओ स्टेशन होतं, असं लिही." जाहिराती लिहिणं माझं काम, म्हणून लिहिलं: वादळाची सूचना ऐकून सुखरूप परतलेले कोळी, कंदिलाच्या उजेडात बसलेला निवेदक. पुरावा म्हणून साहेबाने होलसेल बाजारातून नवाकोरा रेडिओ आणला आणि आम्ही तीन पदवीधरांनी तो पॉलिश पेपरने घासून जुना केला. निवेदक म्हणून, आम्हाला बोटीतून नेणाऱ्या म्हाताऱ्या अरबालाच फोटोला बसवलं. तो हिंदीत म्हणाला, "यहाँ तो पानी था. मैं मछली पकड़ता था." साहेब म्हणाला, "खलास, बस हो गया चाचा, हेडफोन लगाओ." मग मंदी आली. एकही व्हिला उभा राहिला नाही आणि साहेब कुणाला न सांगता पुण्याला पळाला. इतिहास तेवढा इंटरनेटवर टिकला. काल अल नहदातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मुलीने त्याच म्हाताऱ्याचा, नेटवरून छापून घेतलेला फोटो फळीवर ठेवून पाहिला, खाली माझीच वाक्यं. "बाबा, लुक, द फर्स्ट अनाउन्सर." मी तिला विचारलं, "फळी अजून थोडी जुनी करून देऊ?"