पाटाने आलेले किडे

होसियतच्या वांग्यांची यंदा पट्टेरी किड्यांनी पार चाळण करून टाकली होती. फरगाण्याच्या त्या गावात परड्यातली वांगी म्हणजे हिवाळ्यासाठी खारवून भरायच्या बरण्या. त्या रिकाम्या राहिल्या की बर्फाचे दिवस चहा आणि नानावर काढायचे.

बाई मूळची खटपटी. पानं उलटून नारिंगी अंडी चिरडली, राख भुरभुरली, इस्रिकच्या झुडपाची धुरी दिली, वेचून वेचून कंबर मोडली. पण पाण्याची पाळी होऊन गेली की दुसऱ्या सकाळी किडे पुन्हा हजर!

"पोहत येत असतील," नवरा तुर्सुन बाजेवरून म्हणाला.

"तुम्ही तेवढे चहा ढोसत विनोद करा!"

तरी ती पाटाशी जाऊन बसली. पाहते तर काय, तुतीच्या पानांबरोबर किडे खरंच तरंगत येत होते आणि तिच्या बांधावर चढत होते. ती तशीच तरातरा पाटाच्या कडेने वर निघाली. वरचं परडं विहिणीचं, मावजुदाचं. तिथे किड्यांची बादली पाटात उलटी करत होती होसियतचीच लेक, झुलैहो.

"अगं बये, तू?"

"सासूबाई म्हणाल्या, बुडवून मार."

"बुडतात कुठे? माझ्या वांग्यांवर चढतात मेले! आणि वाहतं पाणी नासवू नये, हे शिकवलं नव्हतं तुला?"

बोल लेकीला, पण लागावा विहिणीला, म्हणून होसियतने आवाज चढवलाच. मावजुदा नान घेऊन बाहेर आली.

"हो ना विहीणबाई, मी तरी किती सांगते हिला!" म्हणत तिने नान मोडून पुढ्यात ठेवला.

झुलैहोने मान खाली घातली.

मोडलेल्या नानासमोर भांडायचं नसतं. भांडलं असतं, तरी संध्याकाळी ते सगळं लेकीवरच निघालं असतं. होसियतने घास गिळला.

पुढच्या पाळीला तिने परड्याच्या तोंडाशी जुना जाळीचा पडदा बांधला. किडे अडकले, पण पालाही अडकला आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली. पडदा काढावा तर किडे, ठेवावा तर वांगी सुकणार. गार पाण्यात उभी राहून ती मुठीमुठीने पाला उपसत राहिली.

"ओ वहिनी, पाळी संपली तुमची! पाणी सोडा!" खालच्या परड्यातून हिकमत ओरडला.

"सोडते! जरा दम धरा की!"

तिने पाणी खाली वळवलं, पडदा सोडून बांधावर झटकला आणि दात-ओठ खात एकेक किडा टाचेखाली चिरडू लागली. मागे वांग्यांचे अर्धे वाफे कोरडेच होते.