कारखान्यातला टीव्ही

पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात माती रोज झाडून निघते, किस्से मात्र साचतच राहतात. त्यातून घरात केबल आली आणि आमचा नितीन दहावीत गेला. मग काय विचारता!

आधी रिमोट बिघडला. म्हटलं, चला, चॅनेल बदलायला तरी पोरगं उठेल. कुठलं काय! साहेब गादीवर लोळूनच जाळी काढायच्या बांबूनं टीव्हीची बटणं दाबायला लागले. आणि बांबू आणून दिला कुणी? मीच! पंख्यावरची जाळी काढतो म्हणाला होता.

*

एकदा ह्यांनी दम भरला, "जा, खेळून ये जरा!" गेला बिचारा, तो दिवेलागणीला परत. मी खूश!

"काय खेळलास रे?"

"फुटबॉल."

"मग आधी आंघोळ कर."

"कशाला? दिन्याकडं व्हिडिओ गेम आणलाय. आये, बाम दे गो, अंगठा दुखतोय!"

*

माझी जाऊ सुमन रंगवायच्या आधी मूर्तींवरची धूळ झटकते. फडकं मारत मारत ती टीव्हीसमोरच्या नितीनवरनंही फडकं मारून गेली. हा ढिम्म!

"वैनी, ही मूर्ती कुणाच्या ऑर्डरची गो?"

"आमचीच," मी म्हटलं. "परत कोण घेत नाय."

*

आमचे हे मूर्तींचे डोळे आखतात. पेणात कारखाने गल्लोगल्ली, पण ह्यांचा बाप्पा कुठूनही बघा, तुमच्याकडंच बघतो. त्या डोळ्यांवर आमचं नाव आणि घर चालतं. त्या डोळ्यांसाठी रोह्याचे म्हात्रेकाका वाटेत नागोठण्याला पाणी भरलं तरी येतात.

तर ह्यांनी डोकं लढवलं. "टीव्ही कारखान्यातच नेऊ. बघता बघता उंदीर तरी रंगवेल." टीव्ही डावीकडच्या फळीवर चढला. नितीन उंदीर रंगवायला लागला, तेही मुकाट्यानं!

"मी मान पण वर करणार नाय," हे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी विचारतात, "स्कोर किती रे?" आठवड्याभरात बांबू ह्यांच्या हातात!

*

चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हात्रेकाका आले. काकू गेल्यापासून एकटेच येतात. ह्यांनी ऐटीत मूर्तीवरचं फडकं काढलं.

काका समोर उभे राहिले. मग उजवीकडं सरकले. मग डावीकडं सरकत सरकत टीव्हीच्या फळीला टेकले आणि तिथंच थांबले.

"भाऊ, आता बघतोय माझ्याकडं."

मी मागची रांग बघितली. अगं बाई! सगळ्याच्या सगळ्या बाप्पांची नजर फळीकडं!

"नित्याऽऽ!" हे ओरडले.

"मी नुसते उंदीर रंगवलेत, बाबा," नितीन म्हणाला. आणि जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता उठून त्यानं टीव्ही बंद केला. उंदीर सगळे सरळ बघत होते.

काकांनी मूर्तीच्या पायांवर हात ठेवला.

"पोरगा, सून, नातवंडं, घरात सगळी टीव्हीकडं बघतात, भाऊ. ही गेल्यापासून दीड दिवस माझ्याकडं बघायचा तो एक बाप्पाच होता. आता ह्यालापण टीव्हीच पायजे काय?"