भिकाजी चुकलाच पाहिजे

अमेरिकेच्या निवडणुकीत कोणत्या पक्षाचं तिकीट कोणाला मिळणार आणि तो आपल्या जोडीला उपाध्यक्ष म्हणून कोणाला घेणार, हे आधीच सांगणारे लोक जगात पैशाला पासरी आहेत. कधी त्यांचं बरोबर येतं, कधी ते तोंडावर आपटतात, आणि पुढच्या वेळी त्याच टेचात पुन्हा टीव्हीवर येऊन बसतात. पण सोळा वर्षं सलग, एकदाही खंड न पाडता चुकत आलेला माणूस मी एकच पाहिला. त्याचं नाव भिकाजी. तो आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो.

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमची अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांची कंपनी आहे. मी तिथे अ‍ॅडमिन बघते, म्हणजे व्हिसा, इन्शुरन्स, रजा आणि लोकांची भांडणं. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून रोज कारपूल करून येते, त्यामुळे ऑफिसात पोचेपर्यंत माझं डोकं निम्मं तापलेलं असतं. भिकाजी गुहागरच्या बाजूचा, पन्नाशीतला, बारीक चणीचा. या देशात कोणीही उद्याबद्दल काही बोललं की शेवटी इन्शाल्ला म्हणतं. भिकाजी तसं म्हणत नाही. तो म्हणतो, "लिहून ठेवा."

हे वेड त्याला रुवैसला लागलं. पहिली नोकरी तिथल्या रिफायनरीच्या साइटवर, आणि मेसमधल्या टीव्हीवर कायम एकच इंग्रजी बातम्यांचं चॅनल. ते साल दोन हजार आठ होतं, त्यामुळे दिवसरात्र अमेरिकेची निवडणूक चालू. इंग्रजी त्याला फार कळत नव्हतं, पण गावाकडे पंचायत समितीच्या तिकिटासाठी चाललेल्या मारामाऱ्या बघत तो मोठा झाला होता. इथेही तेच चाललं होतं. कोण कोणाला पाडणार, कोणाची समजूत काढायला काय द्यावं लागणार, कोणत्या भागातला माणूस बरोबर घेतला की तो भाग गप्प बसेल. भिकाजीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्याचे अंदाज मूर्खासारखे असते तर मी त्यांच्याकडे लक्षही दिलं नसतं. पण ऐकताना मान डोलायची. आठ साली तो म्हणाला, न्यूयॉर्कच्या सिनेटरबाईंचंच तिकीट पक्कं, सगळी पार्टी त्यांच्या मुठीत आहे. तिकीट भलत्यालाच मिळालं. बारा साली त्याने उपाध्यक्षपदासाठी ओहायोचा माणूस सांगितला, कारण जिथे घासून लढत असते तिथलाच जोडीदार घ्यायचा असतो. त्यांनी विस्कॉन्सिनचा घेतला. वीस साली मिशिगनच्या गव्हर्नरबाई उपाध्यक्ष होणार म्हणाला, झाल्या कॅलिफोर्नियाच्या. दरवेळी त्याची कारणं चोख आणि उत्तर चूक.

याचा सगळा फायदा शौकतला. शौकत मुलतानचा, पॅकिंगमध्ये मुकादम, आणि कंपनीच्या खोलीत भिकाजीचा बारा वर्षांचा शेजारी. दोघांच्या खाटांमध्ये एका माणसाला उभं राहता येईल एवढीच जागा. शौकतला नकाशात अमेरिका दाखव म्हटलं तर त्याने बोट बहुतेक आफ्रिकेवर ठेवलं असतं. पण भिकाजी ज्याचं नाव घेईल तो खलास, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. भिकाजीने सांगितलेली नावं गाळायची आणि उरलेल्यांतलं एक ठोकून द्यायचं. बिर्याणीची पैज बहुतेक वेळा तोच जिंके. सगळं यार्ड त्याला राजकारणाचा जाणकार समजे. भिकाजीला याचं वाईट वाटत नसे. बिर्याणी त्यालाही मिळायची.

सोळा साली शौकतने त्याच्यावर एक प्रयोग केला. म्हणाला, या खेपेला तुला वाटतं त्याच्या उलट सांग, बघू काय होतं. भिकाजीला मनातून वाटत होतं फ्लोरिडाच्या माजी गव्हर्नरचं, कारण बाप अध्यक्ष, भाऊ अध्यक्ष, तिकीट घरातच राहणार. पण शौकतच्या सांगण्यावरून त्याने नाव घेतलं त्या बिल्डरचं, ज्याला तेव्हा कोणी मोजतही नव्हतं. आणि बिल्डरलाच तिकीट मिळालं. तेव्हा दोघांच्या लक्षात आलं, की भिकाजीच्या ओठांवर काय आहे याला किंमत नाही. चुकतं ते त्याच्या पोटात असलेलं.

आता चोवीसचा उन्हाळा. खुर्चीवर बसलेला अध्यक्ष म्हातारा झालाय, तो शर्यतीतून माघार घेणार अशी कुजबुज होती. भिकाजीने ती साफ उडवून लावली. खुर्ची कोणी आपणहून सोडतं का मॅडम, लिहून ठेवा. त्याच्या पुढच्याच रविवारी अध्यक्षाने माघार घेतली आणि सोमवारी यार्डात शौकतने सगळ्यांना चहा पाजला. त्याच्या जागी उपाध्यक्षबाई उभ्या राहिल्या, मग आता बाईंचा जोडीदार कोण? भिकाजीने आठवडाभर विचार केला आणि सांगितलं, पेनसिल्वेनियाचा गव्हर्नर. तिथे घासून लढत आहे, तो तिथे लोकांचा लाडका आहे, दुसरा कोणी असूच शकत नाही. टीव्हीवरची मोठमोठी मंडळीही तेच म्हणत होती. शौकतने ते नाव गाळलं, पण उरलेल्यांतलं एक निवडायचं मात्र राहून गेलं.

कारण दुसऱ्या दिवशी ट्रकवर माल बांधताना तो छातीवर हात ठेवून खाली बसला आणि आडवा झाला. हृदय बंद पडलं होतं. सिक्युरिटीवाल्याने छाती दाबत अँब्युलन्स येईपर्यंत त्याला तगवून ठेवलं. हॉस्पिटलात हृदय चालू झालं, पण माणूस शुद्धीवर येईना. यंत्रावर श्वास चालू होता. शारजात काम करणारा त्याचा धाकटा भाऊ शाहबाज आला आणि आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसून राहिला. तो कोणी दिलेलं खात नव्हता.

इन्शुरन्सचे कागद माझ्याकडे, म्हणून डॉक्टरांशी मीच बोलत होते. भिकाजी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, गोड करून सांगू नका. डॉक्टर जे बोलला तेच सांगा." मी सांगितलं. मेंदूला किती वेळ रक्त मिळालं नाही याचा अंदाज नाही, किडनी नीट चालत नाही, जागा होण्याची शक्यता फार थोडी. त्याने एकेक प्रश्न विचारला. कोणतं औषध, नर्स काय म्हणते, अशा अवस्थेतले किती लोक परत येतात. एखाद्या राज्याची आकडेवारी घ्यावी तसं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गेला. मला त्याचा रागच आला. माणूस मरणाच्या दारात आणि याच्या डोळ्यांत टिपूस नाही.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळेला शाहबाज कंपनीत आला होता, भावाचे काही कागद घ्यायला. यार्डातले सगळे त्याच्याभोवती उभे होते आणि जो तो त्याला धीर देत होता. भिकाजी पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "शौकत नहीं बचेगा. लिख के रखो."

अंकुर, आमचा अकाउंट्सवाला, मुंबईचा, त्याच्या अंगावर धावून गेला. मीही ओरडले. आठवून आजही लाज वाटते असे शब्द मी वापरले. पण शाहबाजने अंकुरला हाताने मागे केलं. त्याला ती सगळी गोष्ट माहीत होती. सोळा वर्षांच्या चुका, बिल्डरचा किस्सा, सगळं शौकतने त्याला दर ईदला हसत सांगितलेलं होतं. तो भिकाजीकडे एकटक बघत राहिला. "पक्का?" त्याने विचारलं.

"पक्का," भिकाजी म्हणाला.

शाहबाज तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गठ्ठ्यावर बसला. कोणीतरी बिस्किटाचा पुडा पुढे केला आणि त्याने चहात बुडवून बिस्किटं खाल्ली, एकामागून एक.

मी भिकाजीला केबिनमध्ये बोलावलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हा काय पोरखेळ चालवलाय, त्या मुलाला खोटी आशा लावायला मुद्दाम उलटं बोललात ना, असं मी विचारलं.

"मुद्दाम बोलून चालत नाही मॅडम," तो म्हणाला. "सोळाला बघितलं ना आम्ही. आतून वाटायला लागतं."

"मग तुम्हाला आतून काय वाटतं?"

"पयल्यांदा वाटत होतं, उठेल. मग म्हटलं, मला वाटतंय उठेल म्हणजे तो गेला." त्याने टोपी हातात घेतली. "म्हणून तुम्हाला सगळं विचारलं. हिशोब मांडला. उठेल असं वाटायला एक पण कारण मिळत नाय. आता पोटातून वाटतं मॅडम. तो गेला."

आणि तेव्हा तो रडला. शौकतला भेटायला तो एकदाही हॉस्पिटलात का गेला नाही, यावरून आख्खं यार्ड त्याला नावं ठेवत होतं. तो म्हणाला, तोंड बघितलं तर आशा लागेल. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, नवससायासाला नाक मुरडणारी बाई. तरी मी उठून केबिनचं दार लावून घेतलं, त्याचं रडणं कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून.

त्यानंतर जे झालं ते कोणाला सांगितलं तर हसतील. शौकतची तब्येत जैसे थे होती, पण पेनसिल्वेनियाचा निकाल मंगळवारी लागणार होता. तिथला गव्हर्नर निवडला गेला तर भिकाजीची सोळा वर्षांची चूक मोडणार, आणि चूक मोडली तर? पुढचं कोणी तोंडाने बोललं नाही. अंकुर, जो आदल्या दिवशी मारायला उठला होता, तो सकाळपासून फोन हातात घेऊन बसला. मी घरी मुलीला फोन करून बातम्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मुग्धा म्हणाली, "आई, दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स." मला ठाऊक आहे म्हटलं, तरी बघ.

संध्याकाळी शिफ्ट सुटायची वेळ झाली. बसेस दारात उभ्या होत्या पण कोणी चढेना. केरळचे, बिहारचे, नेपाळचे, पेशावरचे, सगळे गेटजवळच्या सावलीत उभे. यांच्यातल्या एकालाही अमेरिकेचा व्हिसा मिळणार नव्हता, पण पेनसिल्वेनियाच्या गव्हर्नरचं नाव आज प्रत्येकाला पाठ होतं आणि ते येऊ नये म्हणून प्रत्येकजण आपापल्या देवाला सांगत होता. मीसुद्धा सांगत होते. भिकाजी लांब फोर्कलिफ्टवर बसून होता. माझा फोन वाजला.

"मिनेसोटा," मुग्धा म्हणाली.

मी ते मोठ्याने सांगितलं आणि लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. अंकुरने माझ्याशी हात मिळवला, मग स्वतःचंच हसू येऊन तो बाजूला झाला. शाहबाजने हॉस्पिटलातून फोन केला. त्यालाही कळलं होतं. भिकाजीने मान हलवली, फोर्कलिफ्टची किल्ली खुंटीला लावली आणि बसमध्ये जाऊन बसला. त्याला आनंद झालेला मला दिसला नाही.

शुक्रवारी शौकतने डोळे उघडले. आठवड्याने नळी काढली. तो औषधांनी वाचला, त्या सिक्युरिटीवाल्याच्या हातांनी वाचला, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन. पण बाकीचे आम्ही सगळे मनात आशा धरून बसलो होतो, आणि आशा धरायला माणसाला काहीच करावं लागत नाही, ती आपोआप येते. या माणसाने आपल्या सख्ख्या मित्राबद्दलची आशा ओढून काढून फेकून दिली. त्याच्या जागी असते तर मला ते जमलं नसतं. माझ्या ओळखीतल्या कोणाला जमलं असतं असंही वाटत नाही.

सप्टेंबरमध्ये शौकतला डिस्चार्ज मिळाला तेव्हा शाहबाज आणि मी त्याला गाडीतून खोलीवर घेऊन गेलो. तो निम्मा झाला होता, पण जिभेला धार होती. भिकाजी दारात उभा होता. शौकत त्याला काहीतरी चिडवणार, तेवढ्यात त्याची नजर आपल्या खाटेकडे गेली. खाटेवर गादी नव्हती. तिथे एक मोठा खोका होता, गावी सामान पाठवताना बांधतात तसा नायलॉनच्या दोरीने चहूबाजूंनी आवळलेला. वर मार्करने मुलतानचा पत्ता, इंग्रजीत, एकेक अक्षर गिरवून काढलेलं.

"सोडायचा राहून गेला," भिकाजी मला म्हणाला. "हात लावायची भीती वाटत होती."

शौकत खाली बसला आणि पत्ता वाचू लागला. बापाचं नाव, गल्ली, मोहल्ला, सगळं बरोबर होतं. मग त्याने आपल्या नावाच्या आधी बोट ठेवलं. तिथे एकच अक्षर मराठीत लिहिलेलं होतं: कै.

"ये क्या लिखा है, मॅडम?"

मी भिकाजीकडे बघितलं.

"मरहूम," भिकाजी म्हणाला.

शाहबाज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शौकतने त्या अक्षरावरून अंगठा फिरवला, मग वर बघितलं. "तू मुझे दफ़ना चुका था," तो म्हणाला.

"हां," भिकाजी म्हणाला. "पूरा."

शौकतने हात धरून त्याला शेजारी खाली बसवलं. मग शौकत दोरी सोडवायला लागला, पण त्याच्या बोटांत ताकद नव्हती आणि गाठ फार घट्ट मारलेली होती. भिकाजीने त्याचा हात बाजूला केला आणि नखांनी ती गाठ सोडवायला घेतली.